गोणपाटाखालची ऑफिसटाइम

अर्जात 'छंद' असा एक रकाना होता आणि त्यापुढे मी 'बागकाम' लिहिलं. खरं म्हणजे मला छंद असा कुठलाच नव्हता. काळजी करणं हा छंद धरला, तर त्यात मात्र मी लहानपणापासून तरबेज होते. पण तसं काही अर्जात लिहिता येत नाही, आणि 'वाचन' तर सगळ्याच मुली लिहितात, म्हणून त्या घटकेला सुचलं ते लिहिलं. पालघरला आमच्या अंगणात आई फुलझाडं लावायची आणि मी त्यांना कधीमधी पाणी घालायची. तेवढ्या भांडवलावर मी बागकामवाली झाले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे मला तीन महिन्यांनी कळलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत भराभर कारखाने उभे राहत होते आणि टायपिंगची परीक्षा दिलेल्या मुलीला तिथे नोकरीची आशा असायची. औषधांना लागणारी पावडर बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मला टायपिस्ट म्हणून घेतलं होतं, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. माझ्या आधी त्या खुर्चीवर जी मुलगी होती, तिला पाचव्या महिन्यात 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं होतं. का, ते मला कुणी नीट सांगेना. त्यामुळे तिच्या जाण्याची रोज एक नवी कारणमीमांसा मीच तयार करायची. एक दिवस वाटायचं, ती उशिरा येत असेल. दुसऱ्या दिवशी वाटायचं, ती फार चुका करत असेल. मग मी टाइप केलेलं प्रत्येक पत्र चार-चार वेळा वाचत बसायची, आणि त्यामुळे उशीर झाला की त्याची वेगळी काळजी.

घरी वडिलांची नजर अधू झाल्यामुळे त्यांची नोकरी मुदतीआधीच सुटली होती. दोन धाकटी भावंडं शाळेत होती. पर्मनंट झाल्याचा कागद माझ्या हातात कधी पडतो, याकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं. आई संध्याकाळी दिवा लावताना पुटपुटायची, त्यात माझ्या कागदाचं नाव मला स्पष्ट ऐकू यायचं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर माझा अर्ज उघडा होता आणि त्यांचं बोट नेमकं 'छंद' या रकान्यावर होतं. गुढीपाडव्याच्या सुमाराला मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब नवीन शेडच्या उद्घाटनाला येणार होते. गेटपासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत फुलं हवीत, असं मॅनेजरसाहेबांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी आदल्या वर्षी गुलाब लावून पाहिले होते. ते मेले. हिरवळ लावली, तिचा काथ्या झाला. "तुम्हाला आवड आहे तर तुम्हीच बघा," ते म्हणाले, आणि वर हेही म्हणाले की बागेसाठी पाण्याचा थेंब मिळणार नाही. वसाहतीचं पाणी ठरावीक वेळीच यायचं आणि ते आधी यंत्रांना लागायचं.

जागा मुळात खाजणाची, भरतीचं पाणी शिरणारी. ती उंच करायला ट्रकच्या ट्रक रेती ओतलेली. सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. दुपारी त्या वाळूवर चप्पल घालूनही उभं राहवत नसे. मी तिथे गेले, एक मूठ वाळू उचलली, ती बोटांमधून निसटून गेली आणि मला त्या आधीच्या टायपिस्ट मुलीची आठवण झाली.

आईला सांगितलं, तर ती आधी मनसोक्त हसली. मग म्हणाली, वाळूत गुलाब लावणाऱ्याची अक्कल काढायला हवी. वाळूत वाळूचीच झाडं लावावीत. तिने हारांत घालतात त्या गलांड्याची सुकलेली बोंडं चुरगळून दिली. सदाफुलीच्या शेंगा दिल्या. "ह्यांना खत नको, पाणी नको, माया तर अजिबात नको," असं तिने बजावलं. मला कुठलीही गोष्ट नुसती सोडून देता येत नाही, हे ती ओळखून होती.

पण गलांडा उंच वाढतो आणि सदाफुली पसरते. वाफ्याच्या कडेला, अगदी रस्त्यालगत, बुटकं आणि भडक काहीतरी हवं होतं. ते आमच्या मासळीवालीने दिलं. ती किनाऱ्यावरच्या नवापूरहून टोपली घेऊन पालघरला यायची आणि आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायची. तिच्या दारात फुटक्या टबांमध्ये समुद्राची वाळू भरून लावलेली ऑफिसटाइमची फुलं होती. ही फुलं सकाळी ऊन चढलं की उघडतात, साधारण साहेब लोकांच्या कचेऱ्या उघडतात तेव्हा, म्हणून त्यांचं नाव ऑफिसटाइम. कुणी त्यांना चिनी गुलाबही म्हणतात. तिने वर्तमानपत्राच्या पुडीत बी आणून दिलं. खसखशीहून बारीक, पोलादी रंगाचं. ते मातीखाली पुरायचं नाही, वाळूत मिसळून नुसतं भुरभुरवायचं, असं तिने सांगितलं. मी ती पुडी पर्समध्ये ठेवली आणि बोईसर येईपर्यंत तीनदा उघडून पाहिली.

आता मावशीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिचीच आहे. आमच्या कारखान्यात झाडलोट करायला आणि पाट्या वाहायला मुकादमाने आणलेली एक बाई होती. ती डोंगराकडच्या पाड्यावरची. भाताची कापणी झाली की तिच्यासारखी कितीतरी घरं कामासाठी खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर आपल्या पावसावर पिकणाऱ्या जमिनीच्या तुकड्याकडे परत जातात. ती आणि तिचा नवरा सालवडच्या अलीकडे एका मोकळ्या प्लॉटवर झोपडं बांधून राहिले होते. नवरा वीटभट्टीवर जायचा, पण त्याला धाप लागायची, महिन्यातले निम्मे दिवस तो घरीच. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो आणि त्याच दमात अगं-तुगं करायचो. ती माझ्या आईच्या वयाची होती.

मुकादमाने तिला त्या वर्षी कबूल केलं होतं, की साहेबांचा कार्यक्रम नीट पार पडला तर तुला गेटचा पास काढून देईन. पास मिळाला की बारमाही काम. मग दर दिवाळीनंतर नवं गाव, नवं झोपडं, हे संपणार होतं. ती हे फारसं बोलून दाखवत नसे. पण एकदा वाफा उकरताना तिने मला विचारलं, की पासावर फोटो लावतात तो कुठे काढून मिळतो. मी स्टेशनजवळचा स्टुडिओ सांगितला. तेव्हा मला वाटून गेलं, आपण दोघीही एकेका कागदाची वाट बघतोय.

आम्ही दोघींनी मिळून बी टाकलं. टाकल्यावर मला काही सुचेना. मुंग्या नेतील, वारा नेईल, कुणी तुडवील. सकाळी मस्टरवर सही करायच्या आधी मी वाफ्याकडे जायची, वाकून बघायची. ऑफिसातले दोघे-तिघे खिडकीतून 'माळीणबाई' म्हणून हाका मारायचे. चौथ्या दिवशी मी माझ्या प्यायच्या बाटलीतलं पाणी वाफ्यावर ओतलं, तर मावशीने माझा हात धरला. पाणी असंच ओतलं तर बी वाहून जातं, असं म्हणून तिने डबे धुतलेल्या पाण्यात गोणपाट भिजवून हलकेच वाळूवर अंथरलं आणि उगवण दिसल्यावर काढून घेतलं. हे तिला कुणी शिकवलं होतं, देव जाणे. नाचणीच्या रोपांचा हात होता तो.

गलांडा उगवला, त्याची केसाळ पानं मला ओळखता आली. सदाफुली उगवली. वाफ्याच्या कडेला मात्र लालसर देठाचं, गुबगुबीत, सरपटणारं काहीतरी दाट आलं. त्यात मधूनमधून खरी घोळही होती. घोळीची भाजी आमच्याकडेही होते, पण मी ती निवडलेली आणि शिजलेलीच पाहिलेली. मावशी आठवड्यातून एकदा घोळ उपटायची आणि पदरात बांधून घरी न्यायची. रात्रीची भाजी झाली, म्हणायची.

फेब्रुवारीच्या मध्यावर, एका गुरुवारी सकाळी, मॅनेजरसाहेब माझ्या टेबलापाशी थांबले. बाग की रान, असं काहीतरी म्हणाले. कडेला नुसतं गवत माजलंय, ते साफ करून घ्या, म्हणाले, आणि जाता जाता 'तुमचे सहा महिने कधी पुरे होतात?' असं विचारलं. त्यांनी ते सहज विचारलं असेल. मी ते सहज ऐकणारी नव्हते. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मी बाहेर धावले. मावशी गेटजवळच्या कट्ट्यावर भाकरी खात बसली होती. तिला उठवलं. वाफ्याच्या कडेकडे बोट करून सांगितलं, की ही सगळी घोळ आत्ताच्या आत्ता उपटून टाक.

ती वाकली. एक फांदी तिने बोटांत धरली.

"बाय, ही घोळ नाय," ती म्हणाली. "घोळीचा पाला चपटा ऱ्हातो. हा सुईसारखा हाय."

मला अजून ते वाक्य तसंच्या तसं ऐकू येतं. त्यात शंका नव्हती, उर्मटपणा नव्हता. पण वर खिडकीत ते दोघे-तिघे उभे होते, हसत होते, आणि मला वाटलं की आता ही पाट्या वाहणारी बाई मला बागकाम शिकवणार आणि ते सगळे बघणार. मी म्हणाले, "तुला सांगितलंय तेवढं कर."

तिने केलं. दोन्ही बाजूंची कड तिने तासाभरात मोकळी केली. त्या दिवशी तिने पदरात काही बांधून नेलं नाही. हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण त्याचा अर्थ लावण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

रविवारी मासळीवाली आली. चहा पिता पिता तिने फुलांची चौकशी केली. मी म्हटलं, तुमची ऑफिसटाइम काही उगवलीच नाही, तिथे नुसती घोळ आली, ती मी काढून टाकली. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, पाला कसा होता? मी सांगू लागले. लाल देठ होता, पान बारीक, आणि माझ्याच तोंडून शब्द आला: सुईसारखं. तिने कपाळावर हात मारला. आई माझ्याकडे बघत राहिली.

तो रविवार मी कसा काढला, मलाच ठाऊक. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं. फुलं गेली, नोकरी गेली, भावंडांची शाळा सुटली, इथपर्यंत मी दुपारपर्यंत जाऊन पोचले. संध्याकाळी जरा ताळ्यावर आले आणि ठरवलं, की सकाळी जाऊन सरळ सांगायचं. 'सर, माझी चूक झाली. मावशीने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.' एवढी दोन वाक्यं. मी ती भांडी घासताना म्हटली, केस विंचरताना म्हटली, सकाळी बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हटली.

पण सोमवारी माझ्या आधीच सगळे तिथे जमले होते. मॅनेजरसाहेबांनी पालघरच्या एका नर्सरीवाल्याला कुंड्यांसाठी बोलावलं होतं. त्याला वाळूत पडलेली एक फांदी सापडली आणि तो म्हणाला, की साहेब, चांगला पोर्चुलाका, म्हणजे ऑफिसटाइम होता हा, कुणी उपटला? साहेबांनी मुकादमाला हाक मारली. मुकादमाने मावशीला हाक मारली. मावशीने मान्य केलं की मीच उपटलं.

"इनको तो हरा दिखा कि सब्जी दिखती है, साहब," मुकादम म्हणाला. "खा गई होगी."

सगळे हसले. खिडकीतले हसले, नर्सरीवाला हसला, साहेबही जरा हसले. मावशी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं, जसं आपण रस्ता ओलांडताना पुढच्या माणसाकडे बघतो, तो निघतोय का म्हणून. माझी दोन वाक्यं तोंडात तयार होती. साहेबांनी मला विचारलं, मी गवत काढायला सांगितलं होतं, फुलं नाही, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हणाले, मी ऑफिसात होते. हे खोटं नव्हतं. मी दिवसभर ऑफिसातच असायची.

मुकादमाने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ते शब्द मी माझ्यासाठी इतक्या वेळा मनात ऐकले होते, की ते दुसऱ्या कुणाला म्हटले गेले तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं ते हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच वाटलं होतं.

वाफा बघायचं निमित्त करून मी तिच्यामागे गेले. ती आपली भाकरीची पिशवी घेऊन निघाली होती. मला बघून थांबली.

"भिंतीच्या मागं गोणपाटाखाली ठेवलीत," ती म्हणाली. "मरत नाय ती. ऊन कललं का लाव. दोन दिस पाणी घालू नको."

मी विचारलं, तू ठेवलीस कशाला? ती म्हणाली, "तुला कळंल म्हणून ठेवली."

मी म्हणाले, "मावशी, मी सांगते त्यांना."

"सांग," ती म्हणाली आणि उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मी तिला म्हटलं, आत्ता सगळे रागात आहेत, जरा शांत होऊ देत. तेव्हा तिने पिशवी खांद्याला लावली आणि गेटमधून बाहेर गेली.

भिंतीमागे खरंच ढीग होता. गोणपाट ओलसर होतं, म्हणजे शुक्रवार-शनिवारी ती त्यावर पाणी शिंपडत राहिली असणार. फांद्या चार दिवसांनीही तुकतुकीत होत्या, काहींना तर तिथल्या तिथे पांढरी मुळं फुटली होती. मी संध्याकाळी थांबून त्या एकेक करून वाळूत खोचल्या. हात भाजत होते. मदतीला वॉचमन आला, त्याला मी परत पाठवलं.

मग सुरू झाले ते काळजीचे दिवस. आधी फांद्या धरतील की नाही याची काळजी. त्या धरल्या, आठवड्यात ताठ झाल्या. मग कळ्या येतील की नाही याची. त्या आल्या. आणि या सगळ्याच्या तळाशी ती दुसरी काळजी, जिच्याकडे मी बघत नव्हते. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगायचं. एक दिवस साहेब मुंबईला गेलेले. एक दिवस त्यांचं डोकं दुखत होतं. एक दिवस ते फारच खुशीत होते आणि अशा वेळी कशाला, असं वाटलं. साहेबांनी फांद्या परत लावलेल्या पाहून माझं कौतुक केलं, त्या दिवशी तर सांगणं अधिकच अवघड झालं. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालेलं. कुणी 'मावशी' असा शब्द उच्चारला की मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय. तिच्या जागी मुकादमाने दुसरी बाई आणली होती. तीही डोंगराकडचीच. तिलाही सगळे मावशीच म्हणायला लागले.

एकदा मी सालवडच्या अलीकडे त्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन आले. झोपडं जागेवर होतं. बाहेर तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. मी लांबूनच परत फिरले. त्याला काय सांगायचं, ते ठरलं नव्हतं. साहेबांना सांगितल्याशिवाय तिच्या दारात जाण्यात काय अर्थ, असं मी स्वतःची समजूत घातली. तेव्हा समजुतीवरच माझं चाललं होतं.

मोठे साहेब आले ते अकराच्या सुमाराला. देवालाच काळजी, म्हणायचं. नऊला आले असते तर फुलं मिटलेली असती. अकराला ती सताड उघडी होती: गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी, दोन्ही कडांना नुसता भडका. मागे गलांडा लाल-पिवळा, त्याच्या मागे सदाफुली. यंत्रांच्या पाण्यातला एक थेंबही न घेता. मोठे साहेब गाडीतून उतरून चालत आले, मध्येच वाकले आणि त्यांनी विचारलं, या वाळूत हे कुणी केलं? मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे हात केला. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्याच आठवड्यात शनिवारी मला पर्मनंट झाल्याचा कागद मिळाला. आईने तो देवापुढे ठेवला, वडिलांनी डोळ्यांजवळ धरून वाचला. मी रविवारभर अंगात ताप असल्यासारखी पडून राहिले.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि ती दोन वाक्यं बोलले. अगदी सहज आली ती. इतकी सहज, की आधी का आली नाहीत, हे मलाच कळेना. साहेबांनी ऐकून घेतलं. मग हसले. अहो, झालं ते झालं, शेवटी फुलं तर आली, म्हणाले. मी म्हटलं, तिला परत बोलवायला हवं. ते म्हणाले, मुकादमाशी बोला, ते त्याचं काम. मुकादमाला सांगितलं, तर त्याने खांदे उडवले. जागा भरली होती. शिवाय, तो म्हणाला, वसाहतीतल्या बाकीच्या मुकादमांनाही त्याने तिची गंमत सांगितली होती, बाग खाणारी बाई म्हणून. तिने दोन-तीन गेटांवर विचारून पाहिलं होतं. सगळीकडे हसून परत पाठवलं.

मी त्याच संध्याकाळी सालवडला गेले. झोपडं नव्हतं. चुलीचे तीन दगड होते आणि शेजारच्यांना ते कुठे गेले ते माहीत नव्हतं.

पुढे जवळजवळ महिनाभर मी दिसेल त्याला विचारत होते. शेवटी पत्ता लागला तो मासळीवालीकडूनच. त्यांच्या मासळीच्या वाळवणीवर डोंगराकडची एक बाई नव्याने रोजावर आली होती, तिचा नवरा आजारी होता, आणि ती आधी एका कंपनीत होती असं कुणीतरी म्हणालं होतं. रविवारी मी नवापूरला गेले. वाळूवर जुन्या जाळ्या अंथरून त्यांवर जवळा पसरला होता. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मावशी खराट्याने जवळा हलवत होती. माझ्या पायांची चाहूल लागली तेव्हा तिने वर पाहिलं आणि मला लगेच ओळखलं.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. माझं चुकलं, तू बरोबर होतीस, मी तेव्हा घाबरले. ती म्हणाली, तू भ्यालेली ते मला दिसत होतं. नवऱ्याची तब्येत विचारली, तर हात हलवला. पावसाआधी पाड्यावर परत जाणार, म्हणाली. पासाचा विषय तिने काढला नाही. मीच म्हटलं, की मी साहेबांना सांगितलंय, मुकादमालाही सांगितलंय, तुझी काही चूक नव्हती म्हणून.

तिचा खराटा थांबला. "कदी सांगितलंस?"

"महिना होईल," मी म्हणाले.

"आन् तुजा कागद कदी आला?"

तिला कागदाचं माहीत होतं. बी टाकताना मीच कधीतरी सांगितलं असणार. खोटं बोलता आलं असतं, तिला खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. मी म्हणाले, "त्याच्या दोन दिवस आधी."

तिने मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुजं काम झालं ना."

त्यात टोमणा कुठेच नव्हता. तो येईल म्हणून मी वाट बघत उभी राहिले, पण ती खराटा घेऊन जवळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती.